'यांना कुणी अडवलं होतं?' : न्यू जर्सीतल्या मराठी घरमालकांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

एडिसन, पिस्कॅटवे, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर, पार्सिपनी, ब्रिजवॉटर आणि आसपासच्या गावांत ज्यांची स्वतःची घरं आहेत, अशा सगळ्या मराठी मंडळींना हे पत्र आहे. मी हाउसिंग काउन्सेलर आहे. पहिलं घर घेणाऱ्यांना मॉर्गेजचे कागद समजावून सांगणं, त्यांचा क्रेडिट रिपोर्ट तपासणं, कुठे नाडलं जातंय का ते बघणं हे माझं रोजचं काम. नेवार्क, ईस्ट ऑरेंज, अर्व्हिंग्टन इथून माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं कृष्णवर्णीय असतात. शनिवार-रविवारी मी तुमच्यात असते. घराविषयी दोन्हीकडे जे बोललं जातं ते ऐकून काही गोष्टी स्पष्ट लिहायलाच हव्यात असं मला वाटू लागलं.

२०२४ साली आपल्या राज्यानं परवडणाऱ्या घरांचा नवा कायदा केला आणि गावोगावी आपापल्या वाट्याच्या घरांचे आराखडे करायची वेळ आली. त्यासाठी झालेल्या सभांना आपली माणसं मोठ्या संख्येनं आली. माइकवर आपण बोललो ते शाळांवरच्या ताणाविषयी, ट्रॅफिकविषयी, घरांच्या किमतींविषयी. सभा सुटल्यावर पार्किंगमध्ये कृष्णवर्णीयांविषयी मराठीत जे बोललं गेलं ते वेगळं होतं. "आपण दोन बॅगा घेऊन आलो, पोटाला चिमटा घेऊन घर उभं केलं. हे लोक तर पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. यांना कुणी अडवलं होतं?"

या प्रश्नाचं उत्तर सालासकट देता येतं.

१९३० च्या आधी अमेरिकेत घरकर्ज मिळायचं ते साधारण निम्म्या किमतीएवढं, तेही तीन ते पाच वर्षांच्या मुदतीचं. मुदत संपली की उरलेलं मुद्दल एकरकमी भरायचं. महामंदीत असंख्य घरं जप्त झाली, तेव्हा सरकारनं १९३३ साली होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन आणि १९३४ साली फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएचए, स्थापन केलं. लांब मुदतीचं, ठरलेल्या हप्त्यांचं आजचं मॉर्गेज रुजलं ते तिथून. पगारदार माणूस घरमालक होऊ लागला. पण याच कॉर्पोरेशननं शहरांचे नकाशे रंगवले. उत्तम वस्ती हिरवी, त्याखालची निळी, मग पिवळी आणि 'धोकादायक' ती लाल. कृष्णवर्णीय राहतात म्हटलं की रंग बहुतेक ठरलेला असायचा. एफएचएची नियमपुस्तिका याच्याही पुढे गेली. वस्ती एकाच वंशाची राहावी म्हणून खरेदीखतातच तशी अट घालावी, अशी तिची शिफारस होती.

महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या जीआय बिलानं सरकारी हमीचं घरकर्ज देऊ केलं. कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता, पण कर्ज द्यायचं होतं स्थानिक बँकेनं. १९४७ साली मिसिसिपीत अशी ३,२०० हून अधिक कर्जं मंजूर झाली. त्यातली कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला आली २. त्याच वर्षी लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन उभं राहू लागलं. गोऱ्यांखेरीज कुणालाही तिथे राहू देऊ नये, असं कलमच करारात छापलेलं होतं. अपवाद फक्त घरकामाच्या नोकरांचा.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर विलिंगबरोला जाऊन या. १९५८ साली लेव्हिट कंपनीनं आपल्या राज्यात तिथे वसाहत काढली आणि कृष्णवर्णीयांना घरं विकणार नाही अशीच भूमिका घेतली. प्रकरण कोर्टात गेलं. १९६० साली न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की एफएचएच्या मदतीवर उभ्या राहणाऱ्या वसाहतीत असा भेदभाव चालणार नाही. विलिंगबरो पुढे कृष्णवर्णीय मध्यमवर्गाचं गाव झालं.

ज्यांना बँक उभंच करत नव्हती, त्यांचं काय झालं ते शिकागोच्या नॉर्थ लॉनडेलमध्ये दिसतं. दलाल गोऱ्या कुटुंबांना घाबरवून त्यांची घरं स्वस्तात घ्यायचे आणि भरमसाट किमतीला कृष्णवर्णीय कुटुंबांना 'काँट्रॅक्ट'वर विकायचे. शेवटचा हप्ता भरेपर्यंत मालकी दलालाची. एक हप्ता चुकला की घर गेलं आणि तोवर भरलेले सगळे पैसेही बुडाले. ही माणसं दोन-दोन नोकऱ्या करत होती. १९६८ साली त्यांनीच संघटना काढून हप्ते रोखून धरले आणि लढा दिला. त्यांनी काटकसर केली नाही, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? हप्ते त्यांनीही भरले, फरक एवढाच की त्या हप्त्यांतून त्यांच्या नावावर काही साठू दिलं गेलं नाही.

आता आपल्याविषयी. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं भारतीयांना 'गोरे' मानायला आणि म्हणून नागरिकत्व द्यायला नकार दिला. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार नागरिक होऊ न शकणाऱ्याला शेतजमीनही घेता येत नव्हती. दलिपसिंग सौंद पुढे अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले, पण त्याआधी शेती करताना जमीन स्वतःच्या नावावर करायची त्यांनाही मुभा नव्हती. १९४६ साली नागरिकत्वाचं दार किलकिलं झालं. ते खऱ्या अर्थानं उघडलं १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानं, आणि तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीनं तापवलेल्या हवेत झाला.

पुढच्याच वर्षी मार्टिन ल्यूथर किंग घरांच्या प्रश्नावर शिकागोत मोर्चे काढत होते. मार्क्वेट पार्कजवळ त्यांच्या डोक्यात दगड बसला. ४ एप्रिल १९६८ ला त्यांची हत्या झाली आणि ११ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी फेअर हाउसिंग ॲक्टवर सही केली. वंश, रंग, धर्म आणि मूळ देश यांवरून घर नाकारता येणार नाही, असं तो कायदा सांगतो. सत्तरच्या दशकात आलेल्या आपल्या काका-मावश्यांना एखाद्या रिअल्टरनं "इथे तुमच्यासारख्यांना नाही" म्हटलं असतं, तर त्यांच्या हातात हाच कायदा होता. तो मिळवताना दगड खाणारे लोक आपले नव्हते. आज ज्यांच्याविषयी आपण पार्किंगमध्ये बोलतो, ते त्यांचे आईवडील आणि आजी-आजोबा होते.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले, न्यू यॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीच्या अगदी शेजारी. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून कळवलं की या समाजाच्या प्रश्नाचा आपण अभ्यास करत आलो आहोत आणि त्यांच्या व अस्पृश्यांच्या स्थितीत फार साम्य आहे. वस्ती गावकुसाबाहेर ठेवायची रीत आपल्याच मातीतली. आडनाव विचारून भाड्याचं घर नाकारणं आपल्याकडच्या शहरांत अजून चालतं, आणि ते सोसलेली मराठी माणसं याच राज्यात तुमच्या मंडळांत आहेत. लाल रंगाचा नकाशा म्हणजे काय, हे त्यांना सांगावं लागत नाही.

"पण हे सगळं जुनं झालं," असं कुणी म्हणेल. २०११ साली घरकर्जं देणाऱ्या कंट्रीवाइड कंपनीनं ३३.५ कोटी डॉलर भरून तडजोड केली. दोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक कर्जदारांकडून तिनं जास्त पैसे घेतले किंवा चांगल्या कर्जाला पात्र असूनही त्यांना महागड्या सबप्राइम कर्जात ढकललं, असा आरोप होता. २०१५ साली इथल्या, पॅरॅमसच्या हडसन सिटी सेव्हिंग्ज बँकेनं रेडलायनिंगच्या, म्हणजे ठरावीक वस्त्यांना कर्जापासून दूर ठेवण्याच्या, प्रकरणात सुमारे ३.३ कोटी डॉलरची तडजोड केली. त्याच्या आदल्या वर्षी या बँकेनं मंजूर केलेल्या १,८८६ मॉर्गेजपैकी २५ कृष्णवर्णीयांची होती. २०२२ साली नेवार्क परिसरातल्या अशाच आरोपावरून लेकलँड बँकेची पाळी आली. यातलं काहीच आपण या देशात यायच्या आधीचं नाही.

आज गोऱ्या कुटुंबांपैकी सुमारे ७४ टक्के स्वतःच्या घरात राहतात, कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ४५ टक्के. हे अंतर १९६० साली होतं त्याहून थोडं जास्तच आहे. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत मध्यम गोऱ्या कुटुंबाची संपत्ती २,८५,००० डॉलर निघाली आणि मध्यम कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००.

घरातून संपत्ती कशी पुढे जाते, हे तुम्हाला अनुभवानं ठाऊक आहे. मुलीच्या कॉलेजला पैसे कमी पडले की होम इक्विटीवर कर्ज काढलं. मुलानं घर घ्यायचं म्हटलं की डाउन पेमेंटला हातभार लावला, त्यामुळे त्याला मॉर्गेज इन्शुरन्स भरावा लागला नाही. आईवडिलांच्या माघारी घर मुलांकडे गेलं की कराच्या हिशेबात त्याची किंमत त्या दिवसाच्या बाजारभावानं धरतात, म्हणजे आधीच्या सगळ्या वाढीवरचा कर टळतो. ज्या आजोबांना १९५० मध्ये घर घेऊ दिलं गेलं नाही, त्यांच्या नातवाला यातलं काहीच मिळालेलं नसतं. तो शून्यापासून सुरू करतो, आणि आपण त्याला विचारतो की तू मागे का?

इथे मंडळातल्या काही भल्या माणसांचं म्हणणं असतं की "यांना आर्थिक साक्षरतेचे वर्ग द्यायला हवेत." माझा पोटापाण्याचा उद्योगच तो आहे, तरी हे वाक्य मला तसंच्या तसं मान्य नाही. आपल्याला मॉर्गेज कुणी वर्गात शिकवलं? चुलतभावाला फोन केला, मैत्रिणीला विचारलं, व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन लेंडरांची नावं मिळाली. रेट कधी लॉक करायचा, पॉइंट्स (म्हणजे व्याजदर कमी व्हावा म्हणून आधीच भरायचे पैसे) भरायचे की नाही, अप्रेझल (म्हणजे बँकेसाठी तज्ज्ञानं ठरवलेली घराची किंमत) कमी आलं तर काय करायचं, हे ज्यांनी आधी घर घेतलंय त्यांच्याकडून कळतं. ज्या घराण्यात कुणाला मॉर्गेज मिळूच दिलं नाही, तिथल्या मुलीनं फोन कुणाला करायचा? तेव्हा या माहितीची गरज खरी आहे. ती त्यांच्याकडे नाही हा त्यांचा दोष नाही, आणि ती दिली म्हणून डाउन पेमेंटचे पैसे आपोआप उभे राहत नाहीत.

तरीही माहितीनं काय होतं, ते मी जवळून बघते. न्यू जर्सी ट्रान्झिटची बस चालवणाऱ्या पन्नाशीतल्या एक बाई माझ्याकडे दोन लेंडरांचे लोन एस्टिमेट, म्हणजे कर्जाच्या खर्चाचा तपशील देणारे कागद, घेऊन आल्या. रक्कम सारखीच, ३,२०,००० डॉलर. एकाचा व्याजदर पाव टक्क्यानं कमी, म्हणून त्यांनी तो जवळजवळ पक्का केला होता. मी दुसरं पान उघडलं. वरच्या डाव्या चौकटीत, 'ए' अक्षरापुढे, दोन पॉइंट्स धरलेले: ६,४०० डॉलर. पाव टक्क्यानं महिन्याला वाचणार जेमतेम पन्नासेक डॉलर. म्हणजे भरलेले पैसे वसूल व्हायलाच दहा वर्षं. मग तिसऱ्या पानावर, पाच वर्षांत एकूण किती पैसे भरले जातील आणि त्यातलं मुद्दल किती फिटेल ते छापलेलं असतं, त्या ओळीवर बोट ठेवलं. दोन्ही कागद शेजारी ठेवून त्या बराच वेळ बघत राहिल्या. "हे पान मला आधी कुणी का नाही दाखवलं?" असं त्यांनी विचारलं. दुसऱ्याचा कागद दाखवल्यावर पहिल्या लेंडरनं पॉइंट्स काढून टाकले. राज्याच्या हाउसिंग अँड मॉर्गेज फायनान्स एजन्सीकडून डाउन पेमेंटसाठी १५,००० डॉलरपर्यंत मदत मिळते आणि ज्यांच्या आईवडिलांचं घर नव्हतं अशा खरेदीदाराला आणखी ७,००० मिळू शकतात, हे दोघांपैकी एकाही लोन ऑफिसरनं त्यांना सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट वारशाची. घर मिळवण्याइतकंच ते हातात राखणं कठीण असतं. नेवार्क-ईस्ट ऑरेंजमधल्या अनेक कुटुंबांची मुळं दक्षिणेत, कॅरोलिना-जॉर्जियात आहेत आणि तिथे आजोबा-पणजोबांची जमीन आहे. मृत्युपत्र कुणी केलेलं नसतं, कारण गोऱ्यांच्या कोर्टकचेरीवर विश्वास ठेवायला त्यांना जागा नव्हती. मग आपल्याकडच्या सातबाऱ्यावर जशी बहिणी-भाऊ-पुतण्यांची नावं चढत जातात आणि कुणालाच एकट्याला काही करता येत नाही, तशी गत होते. फरक इतकाच की इथे एखादा सट्टेबाज लांबच्या एका वारसाचा छोटा हिस्सा विकत घेतो आणि कोर्टात जाऊन सगळ्या जमिनीचा लिलाव मागतो. अशा लिलावांत पिढ्यांची जमीन कवडीमोलानं गेली आहे. २०१० साली याविरुद्ध एक नमुना कायदा तयार झाला आणि बऱ्याच राज्यांनी तो स्वीकारला. पण माझ्या टेबलावर अजूनही असे कागद येतात, ज्यात घर वारलेल्या आजीच्याच नावावर आहे. नात तिथे राहते, कर भरते, पण छप्पर दुरुस्तीसाठी कर्ज मागायला गेली की बँक म्हणते, मालक तुम्ही नाही.

अप्रेझलचंही थोडक्यात सांगते. बँकांकडून घरकर्जं विकत घेणाऱ्या फ्रेडी मॅक या संस्थेनं २०२१ मध्ये आकडे मांडले. ठरलेल्या किमतीपेक्षा अप्रेझल कमी येण्याचं प्रमाण गोऱ्या वस्त्यांत ७.४ टक्के, कृष्णवर्णीय वस्त्यांत १२.५ टक्के. कॅलिफोर्नियात मरिन सिटीतल्या एका कृष्णवर्णीय जोडप्याच्या घराची किंमत ९,९५,००० डॉलर लावली गेली. घरातले फोटो काढून, गोऱ्या मैत्रिणीला मालकीण म्हणून उभं केल्यावर दुसऱ्या अप्रेझरनं तेच घर १४,८२,५०० चं ठरवलं.

आता तुमच्याकडे काय मागायचं ते मागते.

पहिलं त्या सभांविषयी. परवडणाऱ्या घरांची जबाबदारी गावांवर आली ती माउंट लॉरेलच्या खटल्यामुळे. सहा पिढ्या त्याच गावात राहिलेल्या एथेल लॉरेन्स या कृष्णवर्णीय बाईंनी तो लढवला, कारण त्यांच्या मुलाबाळांना स्वतःच्या गावात परवडेल असं घर बांधू दिलं जात नव्हतं. १९७५ साली राज्याच्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की गावांनी जमिनीचे नियम असे करू नयेत की गरिबांना दारच बंद होईल. त्यांच्या नावाची वसाहत उभी राहायला २००० साल उजाडलं. तोवर त्या हयात नव्हत्या. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे नीट अभ्यास केला. शेजारच्या घरांच्या किमती त्या वसाहतीमुळे पडल्या नाहीत, गुन्हे वाढले नाहीत, करही वाढले नाहीत. तेव्हा पुढच्या वेळी माइकवर जाण्याआधी हे वाचा, आणि जा ते पाठिंबा द्यायला. बाजूनं बोलणाऱ्या आपल्या चार घरमालकांचाही प्लॅनिंग बोर्डावर परिणाम होतो, हे मी बघितलंय.

दुसरं आपल्यातल्या गुंतवणूकदारांना. अनेकांनी एलएलसी, म्हणजे छोट्या कंपन्या, काढून नेवार्क, अर्व्हिंग्टनमध्ये दोन-तीन कुटुंबांची घरं घेऊन ठेवली आहेत. रट्गर्स विद्यापीठाच्या अभ्यासानुसार २०१७ ते २०२० या काळात नेवार्कमधल्या घरविक्रीतली जवळपास निम्मी घरं कंपन्यांच्या हाती गेली. रोख पैसे घेऊन येणाऱ्यापुढे ३.५ टक्के डाउन पेमेंटवाली नर्स टिकत नाही. तुम्ही ते घर विकायला काढाल तेव्हा एफएचए किंवा व्हीए (माजी सैनिकांसाठीच्या सरकारी हमीच्या) कर्जाची ऑफर आली म्हणून ती बाजूला सारू नका. एफएचएचा अप्रेझर उडालेला रंग, जिन्याचा तुटका कठडा अशा गोष्टी दुरुस्त करायला सांगतो. त्या करणं काही अवघड नसतं. आणि भाड्यानं देताना "सेक्शन ८ नको", म्हणजे सरकारी भाडेमदत घेणारा भाडेकरू नको, असं म्हणणं या राज्यात बेकायदा आहे. ते मराठीतून, ओळखीतून, हळू आवाजात म्हटलं तरी बेकायदाच.

आपल्यातले जे रिअल्टर आहेत, त्यांनी गिऱ्हाइकाला "त्या बाजूची वस्ती वेगळी आहे, तिकडे नको" हे सांगणं थांबवावं. फेअर हाउसिंग कायद्यात याला स्पष्ट मनाई आहे. जे बँकांत अंडररायटिंग, म्हणजे कर्जाच्या अर्जांची छाननी, करतात किंवा कर्जाचे निर्णय घेणारं सॉफ्टवेअर लिहितात, त्यांच्या हातात माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. भाडं वर्षानुवर्षं वेळेवर भरलेलं असेल तर ते कर्जाच्या निर्णयात धरायला फ्रेडी मॅकसारख्याच फॅनी मे या संस्थेनं २०२१ पासून सुरुवात केली. तुमच्या प्रणालीत ते होतं का, आणि नकाराचं प्रमाण वंशानुसार कुणी तपासतं का, एवढं विचारा.

आणि मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. घर घेणं, रिफायनान्स, मृत्युपत्र, ट्रस्ट यांवर आपण दरवर्षी कार्यक्रम ठेवतो. वकील, सीए, लोन ऑफिसर सगळे आपल्यातलेच, मराठीतून, फुकट बोलतात. तोच कार्यक्रम वर्षातून एकदा इंग्रजीतून, नेवार्क किंवा ट्रेंटनमधल्या एखाद्या चर्चबरोबर किंवा तिथल्या काउन्सेलिंग संस्थेबरोबर मिळून करा. मृत्युपत्र करण्यासाठी आणि टायटल, म्हणजे मालकीचे कागद, स्वच्छ करण्यासाठी दोन-तीन वकिलांनी शनिवारचे काही तास दिले, तरी कित्येक घरं त्या कुटुंबांकडेच राहतील. तिथे गेल्यावर उपदेश मात्र नको. घर वाचवण्यासाठी काय काय करावं लागतं हे त्या आज्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यांना हवे आहेत ते कागद वाचणारे डोळे आणि फोन उचलणारं माणूस.

पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय घ्या. लोन एस्टिमेटचे नमुने, राज्याच्या मदतीचे फॉर्म आणि कुणाशी बोलायचं त्यांची यादी घेऊन मी येते. वकिलांची नावं तेवढी तुम्ही काढून ठेवा.

आपली,
न्यू जर्सीतली एक मराठी हाउसिंग काउन्सेलर